आयटीआय प्रवेशापासून परवान्यापर्यंत: मराठवाड्यातील नव्या इलेक्ट्रिशियनने कोणते काम कधी करावे

इलेक्ट्रिशियनचा ट्रेड पूर्ण करूनही निकालानंतर वर्ष-दोन वर्षे हाताला धड काम नसलेली मुले मराठवाड्याच्या प्रत्येक तालुक्यात भेटतात, आणि त्यांची चौकशी केली तर बहुतेक वेळा कष्ट कमी पडलेले नसतात, क्रम चुकलेला असतो. दुसऱ्या वर्षाची परीक्षा बाकी असतानाच ठेकेदाराकडे रोजाने जाणे, शिकाऊ उमेदवारीचे वर्ष पैसे कमी मिळतात म्हणून टाळणे, आणि परवान्याची आठवण गिऱ्हाइकाने टेस्ट रिपोर्ट (परवानाधारक ठेकेदाराच्या सहीचा वायरिंग तपासणीचा कागद) मागितल्यावर होणे, या तीन चुका वारंवार होतात. पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पूर्ण करावेत, कारण प्रत्येक टप्प्यावर मिळणारा कागद पुढच्या टप्प्यावर मागितला जातो.

## टप्पा १: ट्रेड आणि संस्था निवडण्यापूर्वी

इलेक्ट्रिशियन हा दोन वर्षांचा ट्रेड असून त्यासाठी विज्ञान व गणित हे विषय घेऊन दहावी उत्तीर्ण असावे लागते. वायरमन, म्हणजे तारतंत्री, हाही दोन वर्षांचाच ट्रेड आहे, परंतु त्याला दहावी अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळतो. घरगुती व शेतीच्या कामासाठी दोन्ही चालतात आणि महावितरणच्या भरतीतही दोन्ही ट्रेड विचारले जातात. कारखान्यातील देखभालीच्या कामासाठी मात्र इलेक्ट्रिशियनला अधिक मागणी असते, कारण त्याच्या अभ्यासक्रमात मोटारी, ट्रान्सफॉर्मर आणि कंट्रोल पॅनेल यांचा भाग मोठा असतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज व शेंद्रा वसाहतींत किंवा जालन्याच्या स्टील कारखान्यांत जाण्याचा विचार असेल आणि गुण पुरत असतील, तर इलेक्ट्रिशियन निवडावा.

खासगी आयटीआयमध्ये प्रवेश घेण्यापूर्वी त्या संस्थेतील त्याच ट्रेडच्या त्याच तुकडीला केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची (डीजीटी) संलग्नता आहे का, हे लेखी पाहावे. संस्था संलग्न असते आणि नव्याने सुरू केलेली तुकडी नसते, असेही घडते. शिवाय एकदा कार्यशाळेत जाऊन तीन गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात: चालू स्थितीतील तीन फेज मोटारी किती आहेत, विद्यार्थ्यांच्या हाती मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे मीटर) दिला जातो का, आणि वायरिंगच्या सरावाच्या भिंतीवर अलीकडे काम झाल्याच्या खुणा आहेत का. धूळ बसलेली यंत्रे आणि ताजा रंग दिलेले प्रवेशद्वार असे चित्र दिसले, तर पुढील दोन वर्षे कशी जातील याचा अंदाज येतो.

इशारा: ‘तीन महिन्यांत इलेक्ट्रिशियन’ अशा जाहिराती करणाऱ्या वर्गांचे प्रमाणपत्र दोन वर्षांच्या ट्रेडच्या जागी चालत नाही. पीएम विश्वकर्मा योजनेत अर्ज भरून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यांपासूनही सावध राहावे. त्या योजनेतील १८ व्यवसायांत सुतार, लोहार, गवंडी आहेत, परंतु इलेक्ट्रिशियन नाही.

## टप्पा २: प्रवेशाचा अर्ज

राज्यातील आयटीआय प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन होतात. अर्ज भरणे, शुल्क भरणे, जवळच्या आयटीआयमध्ये मूळ कागदपत्रे दाखवून अर्ज निश्चित करून घेणे आणि त्यानंतर संस्था व ट्रेडचे पसंतीक्रम भरणे, असा त्याचा क्रम असतो. सर्वाधिक अर्ज तिसऱ्या व चौथ्या पायरीवर अडकतात. नेट कॅफेत अर्ज भरून पावती घेतली म्हणजे काम झाले असे समजून मुले गावी परततात. अर्ज निश्चित झालेला नसतो किंवा पसंतीक्रम भरलेला नसतो, आणि गुणवत्ता यादी लागल्यावर धावपळ सुरू होते.

कागदपत्रांची तयारी दहावीच्या निकालापूर्वीच करावी. शाळा सोडल्याचा दाखला, रहिवास प्रमाणपत्र, लागू असल्यास जातीचे प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेयर, उत्पन्नाचा दाखला व आधार हे सर्व एका पिशवीत असावे. जून महिन्यात तहसीलच्या सेतू केंद्रावर किती रांग असते हे सांगण्याची गरज नाही. नॉन-क्रीमीलेयरची मुदत संपली आहे का, हे तारीख वाचून पाहावे. महाडीबीटीवरून शिष्यवृत्ती किंवा शुल्क प्रतिपूर्ती घ्यायची असल्यास बँक खाते आधारशी जोडलेले असावे लागते, आणि ते खाते स्वतःचे असावे, वडिलांचे नव्हे.

पसंतीक्रमात पहिल्या क्रमांकावर तीच जागा लिहावी जिथे खरोखर जायचे आहे. पहिल्या पसंतीची जागा मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढील नियमित फेऱ्यांतून नाव वगळले जाते. मित्राने भरले म्हणून लांबच्या संस्थेचे नाव वर टाकणारे यातच अडकतात.

तपासणी: दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव, आधारवरील नाव आणि अर्जातील नाव अक्षर न् अक्षर सारखे आहे का? आडनाव आधी की नंतर, वडिलांचे नाव आहे की नाही, हा फरक आज किरकोळ वाटतो. पुढे प्रमाणपत्र, शिकाऊ उमेदवारीचा करार आणि भविष्य निर्वाह निधी या तिन्ही ठिकाणी तोच आडवा येतो. दुरुस्ती प्रवेशापूर्वीच करावी.

## टप्पा ३: दोन वर्षांत हातून झालीच पाहिजेत अशी कामे

परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के हजेरी लागते आणि प्रात्यक्षिकात उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के गुण लागतात. हजेरी भरून काढण्याचे मार्ग मुलांना ठाऊक असतात. तथापि नोकरीच्या मुलाखतीत जे विचारले जाते ते कार्यशाळेतच शिकायला मिळते. म्हणून दुसरे वर्ष संपण्यापूर्वी पुढील कामे स्वतःच्या हाताने, कोणी शेजारी उभे राहून न सांगता, करता आली पाहिजेत.

पहिले काम म्हणजे डीओएल स्टार्टरचे, म्हणजे मोटार थेट लाइनवर चालू करणाऱ्या स्टार्टरचे, सर्किट कोऱ्या कागदावर काढून नंतर बोर्डावर जोडणे. स्टॉपचे बटण नेहमी जोडलेले, स्टार्टचे नेहमी उघडे, स्टार्टला समांतर होल्डिंगचा संपर्क, आणि काँटॅक्टरच्या कॉइलच्या वाटेत ओव्हरलोड रिलेचा (भार वाढला की मोटार बंद करणाऱ्या भागाचा) बंद संपर्क, एवढे चार मुद्दे समजले की सर्किट पाठ करावे लागत नाही. वाळूजमध्ये मुलाखत घेणारे पर्यवेक्षक अनेकदा हाच कागद पुढे सरकवतात.

दुसरे काम म्हणजे स्टार-डेल्टा स्टार्टर, जो मोटार आधी स्टार जोडणीत चालू करून मग डेल्टा जोडणीत नेतो. येथे एक चूक इतकी सर्रास होते की ती वेगळी सांगणे आवश्यक आहे. ओव्हरलोड रिले मोटारीच्या वाइंडिंगच्या वाटेत, म्हणजे मुख्य काँटॅक्टरच्या खाली, बसवलेला असेल तर त्यातून डेल्टामध्ये लाइनच्या प्रवाहाच्या सुमारे ०.५८ पट एवढाच प्रवाह जातो. मोटारीच्या पाटीवर १४ अँपिअर लिहिलेले असेल, तर असा रिले सुमारे ८ अँपिअरवर लावायचा असतो. नवा मुलगा पाटी वाचतो, रिले १४ वर लावतो, मोटार चालू होते, मालक खूश होतो, आणि पुढे एखाद्या दिवशी भार वाढला की रिले पडण्याऐवजी वाइंडिंग जळते. रिले नेमका कोठे बसवला आहे आणि स्टार्टरच्या उत्पादकाने त्याचे आकडे कोणत्या प्रवाहाचे छापले आहेत, हे दोन्ही पाहिल्याशिवाय स्क्रू फिरवू नये.

तिसरे काम म्हणजे मोटार तपासणे. टर्मिनल बॉक्स उघडून सहा टोके सुटी करावीत, मल्टिमीटरने तिन्ही वाइंडिंगचा रोध मोजावा आणि तो जवळपास सारखा येतो का पाहावे. नंतर ५०० व्होल्टच्या मेगरने प्रत्येक वाइंडिंग व बॉडी यांच्यामधील इन्सुलेशन तपासावे. वाचन एक मेगाओमच्या खाली असेल तर मोटार चालू करू नये. बोअरमधील सबमर्सिबल मोटारीची बहुधा तीनच टोके वर येतात, त्यामुळे तेथे केबल स्टार्टरपासून सोडवून मगच मेगर लावावा. स्टार्टर जोडलेला ठेवून घेतलेल्या वाचनाचा काहीच अर्थ लागत नाही.

अर्थिंग, घरगुती वायरिंग, एकफेज मोटारीचा कपॅसिटर बदलणे आणि पंख्याची जोडणी ही कामे अभ्यासक्रमात येतातच, त्यांच्याविषयी वेगळे सांगायला नको.

तपासणी: केलेल्या प्रत्येक कामाची नोंद एका वहीत ठेवावी: तारीख, काम, काढलेली आकृती, घेतलेली वाचने. दुकानात मिळणारी तयार जर्नल उतरवून काढलेली वही मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडी पडते.

## टप्पा ४: निकाल आणि प्रमाणपत्र

निकालानंतर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र ऑनलाइन मिळते. ते उतरवून घेतल्यावर नाव, जन्मतारीख, ट्रेड आणि छायाचित्र लगेच तपासावे. चूक आढळल्यास ती आयटीआयमार्फतच दुरुस्त होते, आणि संस्थेतील कर्मचारी बदलण्यापूर्वी, तुम्हाला ओळखणारे निदेशक तेथे असताना, हे काम सोपे जाते. दोन्ही वर्षांच्या गुणपत्रिका, प्रमाणपत्र आणि दहावीची गुणपत्रिका यांच्या स्वच्छ स्कॅन प्रती मोबाइलखेरीज ईमेलमध्येही ठेवाव्यात.

## टप्पा ५: शिकाऊ उमेदवारी

हा टप्पा सर्वाधिक मुले वगळतात, आणि माझ्या मते नंतरच्या बहुतेक अडचणी येथूनच सुरू होतात. शिकाऊ उमेदवारी १९६१ च्या कायद्यानुसार होते. आयटीआय झालेल्या इलेक्ट्रिशियनसाठी ती एक वर्षाची असते, दरमहा विद्यावेतन मिळते आणि शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. हे प्रमाणपत्र रेल्वे, वीज कंपन्या आणि मोठे कारखाने वेगळे विचारात घेतात. ठेकेदाराकडे रोज जास्त मिळतो हे खरे आहे, पण त्या वर्षाचा कोणताही पुरावा हाती राहत नाही.

तयारी. केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर स्वतःची नोंदणी करावी, आणि ती स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर व ईमेलवर करावी. नेट कॅफेवाल्याच्या ईमेलवर नोंदणी झाली की कराराची सूचना त्याच्याकडे जाते आणि तुम्हाला कळत नाही. नोंदणी झाल्यावर जिल्ह्याच्या बीटीआरआय केंद्रात (शिकाऊ उमेदवारांच्या मूलभूत प्रशिक्षणाचे केंद्र) एकदा जाऊन यावे; कोणत्या आस्थापनांत जागा निघाल्या आहेत याची माहिती तेथे मिळते.

जागा शोधणे. तीस किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे कायद्याने बंधनकारक आहे. म्हणून जाहिरातीची वाट पाहत बसण्याऐवजी आपल्या भागातील अशा आस्थापनांची यादी करून मनुष्यबळ विभागात अर्ज द्यावा. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा येथील कारखाने, जालन्याच्या रोलिंग मिल, लातूरच्या तेल व डाळ मिल, नांदेडजवळची कृष्णूर वसाहत, परळीचे औष्णिक वीज केंद्र आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील साखर कारखाने ही त्या यादीची सुरुवात होऊ शकते. महावितरणची मंडल कार्यालये इलेक्ट्रिशियन आणि वायरमन शिकाऊंच्या जाहिराती काढतात. त्यांत साधारणपणे पोर्टलवर त्या कार्यालयाच्या नोंदणी क्रमांकावर अर्ज करून शिवाय कागदपत्रांचा संच मुदतीत कार्यालयात द्यावा लागतो. केवळ ऑनलाइन अर्ज करून थांबणाऱ्यांची नावे यादीत येत नाहीत.

कोठे काय शिकायला मिळते. महावितरणमध्ये लाइन, डीपी (गावातील ट्रान्सफॉर्मर) आणि मीटरिंगचे काम पाहायला मिळते, पण पॅनेल व कंट्रोल फारसे नाही. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पॅनेल, सेन्सर, पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा संगणक) आणि ड्राइव्ह (मोटारीचा वेग बदलणारे उपकरण) दिसतात. साखर कारखान्यात गाळप हंगाम संपल्यावर दुरुस्तीच्या काळात मोठ्या मोटारी, त्यांचे बेअरिंग आणि स्विचगिअर उघडलेले पाहायला मिळतात, आणि तो काळ शिकण्यासाठी हंगामापेक्षाही चांगला असतो. पुढे गावात शेतीपंप व घरांचे काम करायचे असेल तर महावितरण, आणि कारखान्यात राहायचे असेल तर कारखाना, असा साधा विचार करावा.

रुजू झाल्यावर. पहिल्या महिन्यातच पोर्टलवर करार तयार झाला आहे का आणि त्याला क्रमांक मिळाला आहे का, हे स्वतःच्या लॉगिनमधून पाहावे.

इशारा: ‘ट्रेनी’, ‘हेल्पर’ किंवा ‘आयटीआय वर्कर’ म्हणून मजूर ठेकेदारामार्फत घेतलेले वर्ष शिकाऊ उमेदवारी ठरत नाही. फाटकावर ओळखपत्र मिळाले आणि पोर्टलवर करार नाही, असा प्रकार असेल तर वर्ष संपल्यावर परीक्षेला बसता येत नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतील काम हीसुद्धा वेगळी गोष्ट आहे. ती केली म्हणून शिकाऊ उमेदवारी पूर्ण होत नाही.

वर्षभरात झाडू मारणे, साहेबांच्या केबिनचा पंखा पुसणे आणि चहा आणणे एवढेच काम मिळत असेल, तर तक्रार करण्याआधी देखभाल विभागातील जुन्या तारतंत्र्यांना विचारून बंद यंत्राच्या पॅनेलची आकृती वाचायला बसावे. त्या आकृत्या बहुधा पॅनेलच्या दाराच्या आत खोचलेल्या असतात आणि तेल लागून पिवळ्या झालेल्या असतात. त्यांवर पेन्सिलने केलेल्या दुरुस्त्या छापील आकृतीपेक्षा जास्त शिकवतात, कारण यंत्रात प्रत्यक्ष काय बदलले गेले ते तेथेच लिहिलेले असते.

## टप्पा ६: हत्यारे, आणि पुरवठा बंद असल्याची खात्री

पहिल्या पैशातून ड्रिल मशीन घेऊ नये. आधी चांगल्या इन्सुलेशनची पक्कड, कटर, स्ट्रिपर, स्क्रू ड्रायव्हरचा संच, टेस्टर, सिरीज बोर्ड (मालिकेत बल्ब जोडलेला तपासणीचा बोर्ड) आणि सुरक्षा श्रेणी स्पष्ट छापलेला मल्टिमीटर घ्यावा. त्यानंतर क्लॅम्प मीटर. मेगर महाग वाटतो, पण मोटारींची कामे घ्यायची असतील तर त्याला पर्याय नाही.

कोणत्याही कामाला हात लावण्यापूर्वी पुढील क्रम पाळावा, आणि घाई असेल तेव्हा तो अधिक काटेकोरपणे पाळावा.

१. पुरवठा कोठून कोठून येतो ते शोधावे. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन स्विच बंद करूनही काही वायर जिवंत राहतात. सौर पॅनेलच्या बाजूची वायर ऊन असेपर्यंत जिवंतच असते.

२. मेन स्विच बंद करून फ्यूज काढावेत आणि ते स्वतःच्या खिशात ठेवावेत. एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) असेल तर त्याला कुलूप लावावे, किमान पाटी लावून माणूस उभा करावा.

३. टेस्टर किंवा मीटर आधी चालू असलेल्या जागी तपासावा, मग बंद केलेल्या जागी लावावा, आणि पुन्हा चालू जागी तपासावा. निऑन टेस्टर विझलेला दिसला म्हणजे वायर मृत आहे असे नसते, कारण टेस्टरच बिघडलेला असू शकतो. शेजारच्या वायरमुळे तो उगाच लुकलुकतो तेही खरे. निर्णय मीटरवर घ्यावा, आणि फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ असे तिन्ही मोजावेत.

४. कपॅसिटर असेल तर तो डिस्चार्ज करून मगच हात लावावा.

शेतावरील कामात याहून मोठा धोका आहे. आठवड्याच्या वेळापत्रकानुसार दिवसा किंवा रात्री येणारा तीन फेज पुरवठा केव्हाही परत येतो, आणि बहुतेक स्टार्टरला ऑटो स्विच जोडलेला असतो, त्यामुळे वीज येताच मोटार आपोआप चालू होते. ‘आत्ता लाइट नाही, तोवर करून टाक’ असे शेतकरी म्हणतो तेव्हाच फ्यूज काढून खिशात घालायचे असतात. ऑटो स्विच बंद करणे हे फ्यूज काढण्याला पर्याय नाही.

इशारा: डीपीवर चढू नये, डीपीचे फ्यूज टाकू नयेत, लाइनवर आकडा टाकण्यास मदत करू नये. ते काम महावितरणच्या कर्मचाऱ्यांचे आहे आणि तेही रीतसर लाइन बंद करून. गावात नवा वायरमन आला की त्याला याच कामासाठी आधी बोलावले जाते, आणि नाही म्हटले तर नाराजी होते, ती सोसावी.

## टप्पा ७: नोकरीचा शोध

सरकारी भरतीत महावितरणचे विद्युत सहाय्यक, महापारेषण व महानिर्मितीची तंत्रज्ञ पदे आणि रेल्वेची भरती ही मुख्य दारे आहेत. विद्युत सहाय्यकाची पहिली तीन वर्षे ठोक मानधनाची असतात आणि त्यानंतर तंत्रज्ञ म्हणून सामावून घेतले जाते. जाहिरात मूळ संकेतस्थळावर वाचावी, समाजमाध्यमांवर फिरणारे चित्र वाचून अर्ज करू नये. शैक्षणिक अट, वयोमर्यादा आणि कागदपत्रांची अंतिम तारीख या तीन ठिकाणी चित्रांमध्ये चुका असतात. पैसे घेऊन नोकरी लावतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये, तो ओळखीचा असला तरी.

मात्र भरतीची वाट पाहत घरी बसू नये. खासगी क्षेत्रात हंगाम ओळखून अर्ज केल्यास लवकर काम मिळते. साखर कारखाने व जिनिंग मिल दिवाळीच्या सुमारास सुरू होतात, म्हणून त्यांच्याकडे सप्टेंबरमध्येच जावे. रब्बीच्या दिवसांत मोटार रिवाइंडिंगच्या दुकानांना माणूस कमी पडतो. उन्हाळ्यात कूलर आणि बोअरची कामे वाढतात. सौर कामांत सध्या मागणी आहे: ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ आणि घरांच्या छतांसाठी २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना यांमुळे पॅनेल बसवणाऱ्या एजन्सींना जोडणी समजणारी माणसे लागतात. तेथे जाण्यापूर्वी डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाच्या) बाजूची केबल, जोडणीचे कनेक्टर आणि तिचे संरक्षण शिकून घ्यावे. घरगुती एसी (दिशा बदलणाऱ्या) प्रवाहाची सवय असलेला हात तेथे चुकतो, कारण भार चालू असताना डीसी जोड सोडवला तर ठिणगी सहज विझत नाही.

मुलाखतीला जाताना एक पानाचा परिचय पुरतो. त्यावर छंद आणि ‘मनमिळाऊ स्वभाव’ लिहिण्याऐवजी कोणत्या क्षमतेच्या मोटारी जोडल्या, कोणते स्टार्टर दुरुस्त केले, कोणती मीटरे वापरता येतात हे लिहावे. न येणाऱ्या प्रश्नाला ‘हे केलेले नाही’ असे स्पष्ट उत्तर द्यावे. विजेच्या कामात अंदाजाने उत्तर देणाऱ्याला कोणताही अनुभवी पर्यवेक्षक पॅनेलजवळ उभा करीत नाही.

तपासणी: रुजू होण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. पगार कंपनी देणार की मजूर ठेकेदार? भविष्य निर्वाह निधी व ईएसआय कापले जातात का? पाळी किती तासांची आणि जादा कामाचे पैसे कसे? सुरक्षा बूट व हातमोजे कोण देणार? पगार बँकेत जमा होत नसेल आणि निधीचा क्रमांक मिळत नसेल, तर त्या अनुभवाचा पुरावा पुढे सापडत नाही.

## टप्पा ८: परवाना

आयटीआयचे प्रमाणपत्र म्हणजे काम करण्याचा परवाना, हा समज चुकीचा आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार विद्युत मांडणीचे काम परवानाधारक ठेकेदारामार्फत, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवानाधारक तारतंत्र्याच्या हातून व्हावे लागते. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच किंवा घरगुती उपकरणे यांची क्षमता न बदलणारी बदली एवढ्यालाच सूट आहे. संपूर्ण घराचे नवे वायरिंग या सवलतीत बसत नाही.

महाराष्ट्रात हे परवाने ऊर्जा विभागाच्या विद्युत निरीक्षण यंत्रणेकडून मिळतात, आणि जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात त्यांची अर्हता, अनुभवाचा नमुना व अर्जाची पद्धत समजून घेता येते. अनुभवाचा दाखला नोकरी सोडताना नव्हे, नोकरीत असतानाच मागून घ्यावा आणि त्यावर कामाचे स्वरूप स्पष्ट लिहून घ्यावे. ‘इलेक्ट्रिकल काम केले आहे’ एवढ्या एका ओळीने भागत नाही. आधी तारतंत्री परवाना, मग पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र, आणि ठेकेदाराची अनुज्ञप्ती सर्वांत शेवटी, असा विचार ठेवावा.

इशारा: नव्या जोडणीसाठी महावितरण परवानाधारक ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट मागते. मांडणी न पाहता पैसे घेऊन सही देणारे लोक बाजारात असतात. अशा कागदावर जोडणी मिळते, परंतु त्या घरात अपघात झाला तर चौकशीत वायरिंग करणाऱ्याचे नाव सर्वांत आधी निघते. आपण ज्याच्या हाताखाली काम करतो त्याच ठेकेदाराला मांडणी दाखवून, मोजमापे घेऊन सही घ्यावी.

## टप्पा ९: परवानाधारक ठेकेदाराबरोबर घेतलेले पहिले घर

काम ठरवताना दर तोंडी सांगू नये. पॉइंटची संख्या, कोणाचे मटेरियल, चर मारणे व बुजवणे कोणाकडे, आगाऊ रक्कम किती, हे कागदावर लिहून मालकाची सही घ्यावी. गावात नात्यातल्या माणसाकडे हे करणे अवघड वाटते. पण भांडणे नेमकी नात्यातच होतात.

मटेरियल मालक आणणार असेल तर वायरचा आकार आपण लिहून द्यावा: दिव्यांच्या सर्किटला १.५ चौरस मिलिमीटर, १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५, आणि गीझर किंवा एसी असेल तर ४. दुकानदाराने स्वस्त म्हणून दिलेली बारीक वायर भिंतीत गेल्यावर दोष वायरमनला लागतो. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, आग्रहाने बसवावा. तो बसवल्यावर ‘सारखा पडतो’ म्हणून मालकच काढून टाकायला सांगतो. अशा वेळी बहुधा दोन सर्किटचे न्यूट्रल कोठेतरी एकत्र जोडलेले असतात किंवा एखाद्या बोर्डात न्यूट्रल व अर्थ एकमेकांना चिकटलेले असतात. दोष शोधावा, आरसीसीबी काढू नये.

अर्थिंगबाबत आपल्या काळ्या मातीचे वागणे ध्यानात ठेवावे. पावसाळ्यात ओल असताना अर्थच्या रोधाचे वाचन कमी, म्हणजे उत्तम येते आणि एप्रिल-मेमध्ये जमीन भेगाळली की तेच वाढते, म्हणून खड्डा पुरेसा खोल घ्यावा, पाणी घालण्यासाठी वर तोंड ठेवावे, आणि उन्हाळ्यात पाणी घालण्याचे मालकाला सांगून ठेवावे. जमल्यास वाचन उन्हाळ्यात पुन्हा घ्यावे.

काम संपल्यावर वीज जोडण्याआधी सर्व दिवे काढून, उपकरणे सोडवून, स्विच चालू ठेवून मेगरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशी वाचने घ्यावीत. आरसीसीबी या वेळी सर्किटमधून सोडवलेला असावा. वीज जोडल्यावर प्रत्येक सॉकेटवर फेज उजव्या बाजूला आहे का आणि अर्थ खरोखर पोहोचला आहे का ते मीटरने पाहावे. आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून तो पडतो का हे पाहावे, परंतु ते बटण केवळ यंत्रणा चालते एवढेच सांगते. अर्थिंग चांगले आहे याचा तो पुरावा नाही. ही सर्व वाचने, तारीख व डीबीतील (सर्व एमसीबी असलेल्या वितरण पेटीतील) कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा आहे याची यादी एका कागदावर लिहून डीबीच्या दाराच्या आत चिकटवावी, दुसरी प्रत मालकाला द्यावी, आणि त्यानंतर उरलेली रक्कम मागावी.